भांडायचं तिथे गप्प, गप्प बसायचं तिथे भांडण

चर्चमधली भांडणं कशावरून होतात याची कोणी यादी केली ना, तर ती बाहेरच्या माणसाला दाखवायची लाज वाटेल. उपासनेत ड्रम वाजवायचे की नाही, गाणी जुनी की नवी, कमिटीत कोणाचा माणूस, अहवालात कोणाचं नाव आधी छापलं, पाळक कोणाच्या घरी प्रार्थनेला गेले आणि कोणाच्या घरी गेले नाहीत, हॉलची चावी कोणाकडे राहणार. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) यातला प्रत्येक जण मनापासून समजत असतो की मी देवाच्या घरासाठी झटतोय.

आता "भांडू नका, प्रेमाने राहा" हे प्रवचन सगळ्यांनी ऐकलेलं आहे, ऐकून बाहेर पडल्यावर दारातच भांडणं झालेली पण आहेत, त्यामुळे तेच परत सांगण्यात मला काही इंटरेस्ट नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण कुठे शांत राहायचं आणि कुठे उभं राहायचं याच्या जागाच उलट्यापालट्या करून ठेवल्यात. स्वतःच्या मानापानाचा विषय असला की आपण कोर्टापर्यंत जातो, आणि दुसऱ्या कोणावर खरोखर अन्याय झाला, कोणाचे पैसे गेले, एखाद्या मुलीने सांगितलं की अमक्याने माझ्याशी घाण वागणूक केली, की मग सगळ्यांना एकदम "शांती करणारे ते धन्य" हे वचन आठवतं.

हे आजचं नाही हं. प्रेषित पौलाने करिंथ गावच्या मंडळीला (म्हणजे करिंथकरांना) लिहिलेलं बायबलमधलं पहिलं पत्र काढा आणि पाचवा आणि सहावा अध्याय एका दमात वाचा. आपण ते दोन वेगवेगळ्या रविवारी ऐकतो म्हणून लक्षात येत नाही. पाचव्यात काय आहे, तर मंडळीतला एक माणूस बापाच्या बायकोबरोबर राहतोय आणि सगळी मंडळी गप्प, वर फुगलेली, आपण किती मोठ्या मनाचे म्हणून. पौल तिथे जराही गुळमुळीत बोलत नाही, सरळ म्हणतो त्याला तुमच्यातून काढा. आणि पान उलटलं की सहाव्यात हीच मंडळी क्षुल्लक व्यवहारांवरून एकमेकांना कोर्टात खेचतीये, आणि तिथे तोच पौल विचारतो की त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नुकसान का होऊ देत नाही. एकच लेखक, एकच मंडळी, पाठोपाठचे अध्याय. म्हणजे पौलाला भांडणाची आवड होती असं पण नाही आणि तो कायम पडतं घ्या म्हणायचा असं पण नाही. करिंथकरांचा प्रॉब्लेम हा होता की जिथे बोलायला पाहिजे तिथे ते दिलदार झाले होते आणि जिथे दिलदार व्हायला पाहिजे तिथे वकील शोधत होते.

येशूकडे बघितलं तर हेच अजून स्पष्ट दिसतं, आणि दोन्ही गोष्टी मंदिराशी संबंधित आहेत म्हणून मला ती जोडी फार महत्त्वाची वाटते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात यरुशलेमच्या मंदिराचा कर घेणारे येशूचा शिष्य पेत्र याला विचारतात, तुमचा गुरू कर भरत नाही का. घरात आल्यावर येशू पेत्राला विचारतो, राजे कर कोणाकडून घेतात, आपल्या मुलांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून. म्हणजे मुलं मोकळी. म्हणजे मुद्दा त्याच्या बाजूने आहे, मंदिर त्याच्या बापाचं, त्याला कर भरायची काही गरज नाही. आणि एवढं सिद्ध करून झाल्यावर तो म्हणतो, तरी त्यांना अडखळण नको (म्हणजे आपल्यामुळे त्यांना ठेच नको लागायला), जा, मासा पकड, त्याच्या तोंडात नाणं सापडेल ते माझ्या आणि तुझ्यासाठी देऊन टाक. विचार करा, आपल्यापैकी कोणाकडे इतका पक्का मुद्दा असता तर आपण काय केलं असतं? मुद्दा बरोबर आहे एवढं कारण आपल्याला भांडायला पुरतं. त्याला पुरलं नाही. आणि हे सगळं घरात बोलून झालं, कर घेणाऱ्यांना त्याने ते ऐकवलं पण नाही.

तोच येशू थोड्या दिवसांनी त्याच मंदिरात जाऊन सराफांचे चौरंग उलथे करतो. का? मार्क सांगतो की त्याने कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठका पण उलथ्या केल्या, आणि कबुतरं म्हणजे लेवीय शास्त्राप्रमाणे ज्याला कोकरू परवडत नाही त्या गरिबाचं अर्पण. आणि तो यशया संदेष्ट्याचं वचन म्हणतो, माझं घर सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचं घर. हा बाजार बाहेरच्या अंगणात भरायचा असं बरेच अभ्यासक मानतात, आणि परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, तेवढंच अंगण होतं, पुढे जायची त्यांना बंदी. म्हणजे जो आत जाऊ शकत नाही त्याची प्रार्थनेची जागा पण खाल्लेली. इथे त्याने अडखळणाचा विचार केला नाही. स्वतःच्या खिशाचा प्रश्न होता तेव्हा पैसे भरून मोकळा झाला, दुसऱ्याच्या जागेचा प्रश्न आला तेव्हा सगळ्या गावासमोर वाईटपणा घेतला. मला वाटतं ख्रिस्ती माणसाने कुठल्या वादात पडायचं आणि कुठल्यात नाही याचं मोजमाप इथेच आहे.

आणि हे फक्त एकदाच नाही. एक माणूस गर्दीतून ओरडतो, गुरुजी माझ्या भावाला सांगा वतन वाटून द्यायला, आणि येशू म्हणतो मला तुमचा न्यायाधीश कोणी केला, आणि लगेच लोभावर बोलायला लागतो. शोमरोन्यांचं (यहुद्यांशी ज्यांचं पटत नव्हतं त्यांचं) एक गाव त्याला उतरू देत नाही, त्याचे शिष्य याकोब आणि योहान विचारतात आकाशातून अग्नी पाडू का (बघा, शिष्य होऊन इतके दिवस झाले होते तरी पहिली आयडिया काय सुचली), तो त्यांना दटावतो आणि ते सगळे दुसऱ्या गावाला जातात. बस, एवढंच. दुसऱ्या गावाला जातात. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाचा मुलगा इसहाक याने पण हेच केलं, त्याच्या नोकरांनी विहीर खणली, गरारच्या गुराख्यांनी पाणी आमचं म्हणून भांडण काढलं, सोडून दिली, दुसरी खणली, परत भांडण, ती पण सोडली, तिसरी खणली तिच्यावर कोणी आलं नाही. रुक्ष मुलखात गुरंढोरं घेऊन फिरणाऱ्या माणसासाठी विहीर म्हणजे हॉलची चावी नाही, जीव आहे, तरी सोडली. आणि तो काही दुबळा होता म्हणून नाही, त्याच अध्यायात तिथला राजा अबीमलेख त्याला म्हणतो की तू आमच्यापेक्षा फार बलवान झालायस, निघून जा इथून.

इथे लोक लगेच म्हणतात, मग काय, लोकांनी आपल्या डोक्यावर बसायचं का? पडतं घेत गेलं की लोक गृहीत धरतात. हा आक्षेप खोटा नाही, आणि "दुसरा गाल पुढे कर" म्हणून तो उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो, कारण बहुतेक वेळा ज्याच्या थोबाडीत बसलेली असते तो हे वचन सांगत नसतो, आजूबाजूचे सांगत असतात. योहानाच्या अठराव्या अध्यायात एक शिपाई येशूला खरोखर चपराक मारतो. येशू काय करतो? उलटून मारत नाही, शिव्या देत नाही, पण गप्प पण बसत नाही. तो म्हणतो, मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते सांग, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? म्हणजे पडतं घेणं याचा अर्थ खोट्याला खरं म्हणणं असा होत नाही. जे झालं ते चूक झालं हे एकदा, सरळ, ज्याने केलं त्याच्या तोंडावर म्हणता येतं आणि तरी बदला घ्यायचा नाही हे पण जमतं. पौल रोमकरांना लिहितो की सगळ्या माणसांबरोबर शांतीने राहा, पण त्याच्या आधी दोन अटी टाकतो, शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितकं. म्हणजे त्याला माहिती होतं की काही वेळा शक्य नसतं, आणि समोरच्याचा वाटा समोरच्याच्या हातात असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोक म्हणतात, मानपान ठीक आहे, पण सिद्धांताचं काय? सत्यासाठी लढायलाच पाहिजे ना? पाहिजे की. गलतीकरांच्या पत्रात पौल लढलाच. पण चर्चचा इतिहास जरा बघितला तर असं दिसतं की सत्याच्या नावाने जेवढी रक्तं सांडली त्यातली बरीच अशा गोष्टींवर सांडली की आज त्याच मंडळ्या त्या गोष्टीवर भुवई पण उंचावत नाहीत. रशियात 1650 च्या दशकात तिथल्या चर्चचा प्रमुख, पॅट्रिआर्क निकॉन, याने उपासनेत सुधारणा केल्या, त्यात एक होती क्रुसाची खूण दोन बोटांनी करायची की तीन. जुन्या पद्धतीवाल्यांना 1666-67 च्या परिषदेत शापित ठरवलं, त्यांचा पुढारी अव्वाकूम 1682 मध्ये जाळला गेला, हजारो लोक रानावनात पळाले, कित्येकांनी स्वतःला जाळून घेतलं. आणि 1971 मध्ये रशियन चर्चने तो शाप मागे घेतला, जुन्या रीती पण चालतात म्हणून. तीनशे वर्षांनी. आता दोन्ही बाजूंना तेव्हा विचारलं असतं तर दोघांनी शपथेवर सांगितलं असतं की हा सत्याचाच प्रश्न आहे, आणि खरं सांगायचं तर ज्यांना जाळलं त्यांच्यापेक्षा ज्यांनी जाळलं त्यांच्याकडे माझं बोट जास्त आहे, कारण थांबायची ताकद त्यांच्याकडे होती.

1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला प्रॉटेस्टंट सुधारणेचे दोन पुढारी, लूथर आणि झ्विंगली, समोरासमोर बसले. पंधरा मुद्दे होते, चौदांवर एकमत झालं. पंधरावा प्रभुभोजनाचा, त्यातला पण बराचसा भाग जुळला, फक्त ख्रिस्त भाकरीत शरीराने हजर आहे का यावर अडलं. लूथरने टेबलावर खडूने "हे माझे शरीर आहे" असं लिहून ठेवलं होतं, तिथून तो हलला नाही. मी म्हणत नाही की प्रश्न छोटा होता, अजिबात नाही, शतकानुशतकं मोठमोठ्या लोकांनी त्यावर डोकं घातलंय. पण एकमत झालं नाही हे वेगळं आणि एकमेकांना भाऊ म्हणायचं की नाही यावर पण अडलं हे वेगळं. आणि वाद कशावर? ज्या जेवणाच्या रात्री येशूने एकमेकांवर प्रीती करा म्हणून सांगितलं त्या जेवणावर.

याच्या उलटं उदाहरण आहे आणि ते फार जुनं आहे, पण आपल्या प्रवचनांत ते का येत नाही कळत नाही. साधारण 155 च्या सुमारास स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प, खूप म्हातारा झालेला, रोमला गेला. तिथला बिशप अनिसेतस. दोघांमध्ये पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) कधी पाळायचा यावर मतभेद. पॉलिकार्प म्हणे आम्ही यहुदी वल्हांडणाच्या तारखेलाच पाळतो, योहान प्रेषिताबरोबर आम्ही असंच पाळलं. अनिसेतस म्हणे आमच्या आधीच्या वडिलांनी रविवार धरला, मी तो सोडणार नाही. दोघांनी एकमेकांना पटवायचा प्रयत्न केला, कोणी कोणाला पटवू शकलं नाही, आणि मग अनिसेतसने काय केलं तर आपल्या मंडळीत प्रभुभोजन चालवायला पॉलिकार्पला पुढे केलं. दोघं शांतीने वेगळे झाले. मतं बदलली नाहीत हं, तेच तर महत्त्वाचं. पुढे साधारण 190 च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याच मुद्द्यावरून आशियातल्या मंडळ्यांना तोडून टाकायला निघाला, तेव्हा इरेनेयस नावाच्या दुसऱ्या बिशपने त्याला पत्र लिहून हीच गोष्ट आठवण करून दिली, की तुझ्या आधीच्यांनी असं केलं नव्हतं. म्हणजे तारखेवरून मंडळी फोडणं ही काही सगळ्यांना तेव्हा पण सहज पटणारी गोष्ट नव्हती, कोणीतरी ती अडवली.

अठराव्या शतकातले इंग्लंडचे दोन नावाजलेले प्रचारक, वेस्ली आणि व्हाइटफील्ड, पण तसेच. देव कोणाला तारण द्यायचं ते आधीच ठरवतो का यावर दोघांचं 1739 पासून जाहीर वाजलं, छापील पत्रं, प्रवचनं, सगळं झालं, अनुयायी कायमचे वेगळे झाले. पण 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये प्रवचन केलं वेस्लीने. वाद मिटला नव्हता, माणूस मात्र सोडला नव्हता.

आणि सत्य वगैरे काही नसताना पण काय होतं ते बघायचं असेल तर यरुशलेममधलं पवित्र कबरेचं चर्च. सहा पंथांमध्ये जागा वाटलेली, कोणता खांब कोणाचा, कोणती पायरी कोण झाडणार, सगळं जुन्या ऑटोमन काळातल्या व्यवस्थेप्रमाणे, आणि दाराची किल्ली शतकानुशतकं मुसलमान घराण्याकडे. 2002 मध्ये छपरावर एका कॉप्टिक साधूने ऊन लागतं म्हणून खुर्ची सावलीत सरकवली, इथिओपियन साधूंना ते अतिक्रमण वाटलं, मारामारी झाली, अकरा जण दवाखान्यात. यावर हसायला येतं, पण खुर्ची सरकवण्यावरून झालेली भांडणं आपण सगळ्यांनीच बघितलीत, फरक एवढाच की तिथली बातमी जगभर गेली.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते हीच जास्त गंभीर आहे, कारण फालतू भांडणाने चर्चची अब्रू जाते पण खोट्या शांतीने माणसं उद्ध्वस्त होतात. यिर्मया संदेष्टा म्हणतो की शांती नसताना "शांती, शांती" म्हणत माझ्या लोकांची जखम वरवर बरी करतात. हे तो परक्यांना म्हणत नाहीये, याजक आणि संदेष्ट्यांना म्हणतोय. 1963 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला वर्णभेदाविरुद्धच्या निदर्शनांमुळे मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात होते तेव्हा आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पत्रक काढलं की ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत, वेळ योग्य नाही. ते लोक काही राक्षस नव्हते, त्यांना खरंच शांतता पाहिजे होती. किंगनी तुरुंगातून उत्तर लिहिलं, त्यात त्यांनी तणाव नसणं ही एक शांती आणि न्याय असणं ही दुसरी, असा फरक केला. त्या आठ जणांना पहिली पाहिजे होती कारण पहिलीची किंमत दुसरंच कोणी भरत होतं.

चर्चमध्ये हे किती वेळा झालंय. 2002 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनमधली कॅथलिक चर्चची प्रकरणं बाहेर आली तेव्हा जगाला कळलं की मुलांवर अत्याचार करणाऱ्या फादरांना वर्षानुवर्षं गुपचूप एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवलं जात होतं, त्या वर्षाच्या शेवटी तिथल्या कार्डिनलना राजीनामा द्यावा लागला. प्रॉटेस्टंटांनी फार मान वर करायची गरज नाही, 2022 मध्ये अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट मंडळींचा चौकशी अहवाल आला त्यात निघालं की वरच्या लोकांकडे आरोप असलेल्या सेवकांची यादी होती आणि ती कोणाला दाखवली नव्हती. दोन्हीकडे विचार तोच, बाहेर गेलं तर चर्चची बदनामी होईल, मंडळीत अशांती होईल. आणि दोन्हीकडे सोसणाऱ्यालाच सांगितलं गेलं की क्षमा कर.

इथे वचनं कशी वापरली जातात ते बघा. मत्तय अठरामधलं, भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन सांग. हे दोन बरोबरीच्या भावांसाठीचं वचन आहे, त्याच अध्यायात जरा वर लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं असं म्हटलंय ते मात्र कोणी वाचत नाही. ज्या मुलीला एका माणसाची भीती वाटते तिला त्याच माणसाला एकटीने जाऊन भेट म्हणायचं, हे शास्त्र नाही, हा निष्ठुरपणा आहे. तसंच करिंथकरांचं "अविश्वासणाऱ्यांपुढे न्यायाला जाऊ नका". ते व्यवहाराच्या भांडणांबद्दल आहे, पौल स्वतः त्यांना क्षुल्लक म्हणतो. गुन्ह्याबद्दल तोच पौल रोमकरांना सांगतो की अधिकारी उगीच तलवार धरत नाही. आणि वेळ आली तेव्हा त्याने स्वतः रोमी नागरिक म्हणून कैसराजवळ (रोमी सम्राटाजवळ) दाद मागितलीच. त्यामुळे मंडळीच्या पैशांचा हिशोब मागितला की "तू फूट पाडतोयस" आणि अत्याचाराची तक्रार केली की "तू शांती भंग करतेयस" असं जे म्हटलं जातं ना, तिथे शांती भंग करणारा तक्रार करणारा नसतो. ती आधीच भंग झालेली असते, फक्त आतापर्यंत आवाज नव्हता.

अंत्युखियात पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर विरोध केला. पेत्र! आधी परराष्ट्रीयांबरोबर जेवायचा, मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसं आली तसा घाबरून बाजूला बसायला लागला. शांततेच्या हिशोबाने पेत्राचं वागणं एकदम सोयीचं होतं, पाहुण्यांना वाईट नको वाटायला, दोन दिवस वेगळं जेवलं तर काय बिघडतं. पण त्या दोन दिवसांत कोणालातरी कळणार होतं की या मेजावर आपण दुय्यम आहोत. म्हणून पौल भांडला. आणि हाच पौल मूर्तीला वाहिलेलं मांस खाण्यावरून म्हणतो की माझ्या भावाला अडखळण होत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही. स्वतःचं ताट सोडायला तयार, दुसऱ्याचं ताट हलवलं तर ऐकणार नाही.

आता अडचण अशी की प्रत्येक भांडखोर हे वाचून म्हणणार, बघा, मी पण दुसऱ्यांसाठीच लढतोय. मान्य, माणूस स्वतःला फसवण्यात पटाईत असतो. पण काही खुणा असतात. या वादात माझं नाव, माझी खुर्ची, माझ्या घरच्यांचं स्थान कुठेच नसतं तरी मी इतक्याच जोरात बोललो असतो का? ज्याच्यासाठी म्हणून मी लढतोय त्याला मी विचारलंय का, की त्याचं दुःख मी फक्त झेंड्यासारखं फिरवतोय? उद्या समोरचा म्हणाला ठीक आहे, चुकलं, सुधारतो, तर मला बरं वाटेल की थोडं वाईट वाटेल? हा शेवटचा प्रश्न फार बेकार आहे, त्यातून सुटणं अवघड. योना संदेष्ट्याला निनवे शहराने पश्चात्ताप केला आणि ते वाचलं याचा राग आला होता हे विसरू नका.

आणि ऑनलाइन वादांचं तर बोलायलाच नको. बाप्तिस्मा कसा, शब्बाथ कधी, शेवटचा काळ आला की नाही, रात्री दोन वाजता अनोळखी माणसाला तू नरकात जाणार म्हणून लिहायचं आणि सकाळी स्टेटसला वचन ठेवायचं. आपला तरुण सोबती तीमथ्य याला पौल लिहितो की मूर्खपणाच्या वादांपासून दूर राहा, प्रभूच्या दासाने भांडू नये. नीतिसूत्रांत तर म्हटलंय की ज्या भांडणाशी आपला संबंध नाही त्यात पडणारा वाटेवरच्या कुत्र्याचे कान धरणाऱ्यासारखा, आणि धरल्यावर सोडायची पंचाईत ती वेगळीच. यातून कोणाचं मन वळल्याचं मी तरी बघितलं नाही. एखाद्याला खरंच शंका असेल तर तो चारचौघांत विचारत नाही, वेगळा फोन करतो.

कधीकधी सगळं करून पण एकत्र राहणं जमत नाही. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं, योहान मार्क नावाच्या साथीदाराला बरोबर न्यायचं की नाही यावरून, इतकं वाजलं की दोघं वेगळे झाले, एक कुप्राला गेला, एक सूरियात. प्रेषितांच्या पुस्तकात ते लपवलेलं नाही आणि कोण बरोबर होतं ते सांगितलेलं पण नाही. पण वेगळे झाल्यावर त्यांनी एकमेकांची बदनामी करत फिरल्याचं कुठे नाही, आणि पुढे म्हातारपणी पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेला माझ्या उपयोगी आहे. अब्राहाम आणि लोटाचं पण तसंच, कुरण पुरत नाही, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो, निवड तू कर, आणि निवड करायला पुतण्याला दिली, काकाने. एका छताखाली रोज एकमेकांचं रक्त आटवण्यापेक्षा नीट हिशोब करून, निरोप घेऊन वेगळं होणं यात मला काही अविश्वासूपणा दिसत नाही. फक्त जाताना मागचा हॉल कोणाच्या नावावर यासाठी वीस वर्षं केस चालवू नका, दानपेटीत टाकणाऱ्यांनी ते पैसे वकिलांसाठी टाकलेले नसतात.

आणि एक माणूस नेहमी सुटतो, तो म्हणजे तिसरा. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं जमत नव्हतं. दोघी कामाच्या होत्या, सुवार्तेसाठी पौलाबरोबर झटलेल्या. पौल कोण चूक ते सांगत नाही, दोघींना वेगवेगळी विनंती करतो, आणि मग तिसऱ्या कोणालातरी म्हणतो, माझ्या खऱ्या सोबत्या, तू या दोघींना साहाय्य कर. नाव लिहिलेलं नाही. म्हणजे कोणीतरी एक जण त्या मंडळीत होता ज्याला दोघींचं ऐकून घेता येत होतं आणि पौलाने काम त्याच्या गळ्यात घातलं. आपल्याकडे या जागेवरचे लोक म्हणतात, मी न्यूट्रल आहे बाबा, मला कोणाशी वाईट व्हायचं नाही. पण दोन्हीकडचे फोन तो घेतो, दोन्हीकडच्या गोष्टी ऐकतो, "प्रार्थनेसाठी सांगतोय हं" म्हणून पुढे चार जणांना सांगतो, मीटिंगमध्ये मात्र खाली बघून बसतो. भांडण फालतू असेल तर दोघांना समोर बसवून "पुरे आता" म्हणायचं काम त्याचं असतं. आणि अन्याय झालेला असेल तर सोसणाऱ्याबरोबर तक्रार करायला जाऊन शेजारच्या खुर्चीवर बसायचं काम पण त्याचंच असतं, आणि त्या दिवशी नेमका त्याला दुसरीकडे प्रोग्राम असतो.